शेळीच्या गुडघ्यातला मांडव

सांध्यात हाडांच्या टोकांवर जे गुळगुळीत आवरण असतं, ती कूर्चा. तिला रक्तपुरवठा नसतो, म्हणून तिला खड्डा पडला की तो आपणहून नीट भरत नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला नागपुरातल्या आमच्या प्रयोगशाळेत मी त्यावरच हट्टाला पेटले होते. जनावरांच्या कातड्यातून कोलॅजेन नावाचं प्रथिन काढायचं, त्याचा जाळीदार स्पंज करायचा आणि तो खड्ड्यात बसवायचा. कारल्याच्या वेलाला मांडव घालतो ना, तसंच. पेशी त्यावर चढतात आणि मांडव हळूहळू विरून जातो. हे होणारच, असं मी छातीठोकपणे सांगत असे.

माझे जोडीदार हाडांचे सर्जन. माझ्याहून वयाने मोठे, सगळे त्यांना सर म्हणत. मे महिन्यात वाळवण्याचं यंत्र बंद पडलं, तर सरांनी ओले स्पंज ताटात मांडून थेट गच्चीवर नेले.

"नागपूरच्या उनात कुरडई वाळते, तं हे काहून नाही वाळणार?"

संध्याकाळी ताटात निव्वळ डिंक होता. कोलॅजेनला ती उष्णता सोसत नाही. मी सरांना असं फैलावर घेतलं की शेजारच्या विभागातले लोक डोकावून गेले. सर हसत राहिले, तेव्हा तर मी आणखीच चिडले.

यंत्र दुरुस्त झाल्यावर नवे स्पंज केले. मौद्याच्या बाजारातून आणलेल्या शेळीच्या दोन्ही गुडघ्यांत सरांनी सारखे खड्डे केले. एकात स्पंज बसवला, दुसरा तसाच ठेवला. काही महिन्यांत ती अंगणभर उड्या मारू लागली. सर रोज स्कूटरच्या डिकीतून तिच्यासाठी बाभळीच्या शेंगा आणत. गुडघे उघडून पाहायची वेळ आली, तेव्हा हाच माणूस अडून बसला.

"चालून राहिली ना मस्त! काहून मारता बिचारीले?"

"सर, रिकाम्या खड्ड्याच्या पायानेही ती तशीच चालते. आत काय झालंय ते बघितल्याशिवाय उद्या माणसाच्या गुडघ्याला हात लावाल?"

सरांनी हातातल्या शेंगा तिच्यापुढे ठेवल्या. मलाही ती शेळी प्रिय होती, पण माझं म्हणणं बरोबर होतं आणि ते मी सोडलं नाही.

त्या दिवशी तिला भूल देऊन कायमचं झोपवलं. गुडघे मीच उघडले. सर दाराबाहेर पाठ करून उभे. रिकामा ठेवलेला खड्डा तसाच होता, कडा खरबरीत. दुसऱ्यात मात्र पांढरीशुभ्र कूर्चा काठोकाठ आली होती. सुई दाबली, तर घट्ट लागली.

"सर, आत या."

"पयले सांगा," ते वळलेच नाहीत. "वाया गेली असन, तं मी आत येत नाही."

"नाही गेली वाया," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.