आप्पांना भात बंद

"पावणं, कितवी शिट्टी ही?"

माझ्या कुकरची चौथी शिट्टी झाली की समोरच्या गॅलरीतून हा पुकारा यायचा. शाहूपुरीतल्या आमच्या इमारतीत गॅलऱ्या समोरासमोर, मध्ये जेमतेम चार हातांचं अंतर. मी मूळचा जयसिंगपूरचा. इथं मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात नोकरीला. रोजच्या एसटीला कंटाळून खोली घेतलेली, आणि माझा स्वयंपाक म्हणजे डाळ-तांदूळ कुकरात टाकून शिट्ट्या मोजत बसणं.

"चौथी," मी सांगायचो.

"मग उतरा की! त्यो भात हाय, वाळका हरभरा न्हवं. मारून टाकला त्याला."

हे आप्पा. सगळी इमारत त्यांना आप्पाच म्हणायची. उभा जन्म चंदगडकडच्या एका भाताच्या गिरणीत गेलेला. बायको वारल्यावर मुलानं त्यांना कोल्हापुरात आणलं. अंगानं काटकुळे, पण बोलणार गिरणी चालू असल्यासारखं, वरच्या पट्टीत. सहा वर्षं शेजारी राहूनही मी त्यांचा 'पावणं'च राहिलो.

एकदा ते तणतणत माझ्या स्वयंपाकघरातच शिरले. कुकर उघडला, पळीभर भात वर उचलला. तो एका गोळ्यानं परत भांड्यात पडला.

"भिताडाला लावा ह्यो," म्हणाले. "गिलावा झ्याक बसंल. तांदूळ नवा का जुना?"

"पिशवीतला," मी म्हणालो.

आप्पांनी कपाळावर हात मारून घेतला. त्या दिवसापासून माझी शिकवणी सुरू झाली. नव्या तांदळाला पाणी कमी, जुन्याला चढ. दोन पाण्यांत, हलक्या हातानं धुवायचा, "तांदूळ हाय, धुणं बडवाय लागलाय व्हय?" अर्धा तास भिजवायचा. पातेल्यात पाण्याला उकळी आली की मगच तांदूळ सोडायचा. एकदा झाकण घालून गॅस बारीक केला की ढवळायचं नाही. "आणि नवी नवरी बघायला आल्यागत सारखं झाकण उचलू नगा. गॅस बंद करून धा मिंटं मुरू द्या त्याला."

आता तुम्हीच सांगा, आमच्या कोल्हापुरात भाताला मान तो केवढा? तांबडा-पांढरा ओरपून, भाकरी मोडून झाली की उरलेल्या रश्श्याला भात. आप्पांना हे फार डाचायचं. इमारतीत एकांची वास्तुशांत होती. गच्चीवर जेवणं चाललेली. आप्पा भर पंगतीत उभे राहिले.

"रश्श्यापाशी तीन वाढपी हाईत, भातापाशी एक न्हाय! भात काय अनाथ हाय व्हय?"

लोक हसले. आप्पा जेवणावरून उठून गेले. त्यांचा राग खरा होता, हे तेव्हा मलाही कळलं नाही. मीही हसलोच होतो.

शितावरून भाताची परीक्षा ही म्हणही त्यांना मान्य नव्हती. "एक शीत काय सांगतंय? वरचं एक बोलतंय, तळाचं दुसरंच." ते तीन शितं काढायचे. वरचं, मधलं आणि तळाचं. बोटांत दाबून बघायचे, मग एकेक तोंडात टाकायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. मला वाटायचं, परीक्षा अशीच करत असतील.

पुढं पुढं तीन शितांची चिमूट झाली, चिमटीची मूठ झाली. एकदा मी विचारलं, "आप्पा, जेवला नाही काय घरात?"

"जेवलो की. दोन भाकरी, दोडक्याची भाजी. भात बंद हाय मला. रगतात साखर हाय म्हणं." मग एकदम आवाज चढला. "जल्मभर भात भरडला आणि आता भात बंद! बरं, मला नगा देऊ. घरच्यांस्नी म्हटलं, तुमच्यासाठनी करतो, तर गॅसपाशी जाऊ देत न्हाईत. कुकर हाय म्हणत्यात."

दोन दिवसांनी त्यांची सून आली. वाईट बाई नव्हती. नोकरी, दोन मुलं, सासऱ्याची औषधं, सगळं तिच्याच गळ्यात. "दादा, आप्पांना भात देत जाऊ नका. शुगर वाढली की पळापळ आमचीच हुत्या."

मी बरं म्हणालो. मुकाट्यानं, शहाण्यासारखा.

दुसऱ्या दिवशी आप्पा आले. माझा भात त्या दिवशी असा उतरला होता की शीत न् शीत मोकळं. त्यांनी स्वतः ताटली पुढं केली. मी तीन शितं ठेवली आणि पातेल्यावर झाकण घातलं.

आप्पा ताटलीकडं बघत राहिले. "शितं मोजून देताय व्हय, पावणं?" एवढंच म्हणाले, तेही हळू. ताटली ओट्यावर ठेवली आणि गेले.

त्यानंतर ते गॅलरीत दिसायचे, पण ओरडायचे नाहीत. मी मुद्दाम एकदा कुकर लावला, सहा शिट्ट्या होऊ दिल्या. समोरून हूं की चूं नाही. दसऱ्याच्या आधी एका पहाटे आप्पा झोपेतच गेले.

बाराव्याच्या आदल्या दिवशी त्यांचा मुलगा आला. "भाऊ, उद्याचा भात तुम्ही कराल काय? नैवेद्याचा आणि घरच्यांपुरता. आप्पा म्हणायचे, ह्या इमारतीत भात येतोय त्यो त्या पावण्याला."

मी हो म्हणालो. पण डोक्यात घोळत होतं ते मी विचारलंच. "डॉक्टरांनी भात अगदी बंद केला होता काय हो?"

"न्हाय ओ. दुपारची एक वाटी चालंल म्हणालेते. पर एक वाटी दिली की दुसरी मागणार. रोज कोण वाद घालत बसणार? म्हणून बंदच केला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एक वाटी! डॉक्टरनं दिलेली वाटी ह्यांनी काढून घेतली, कटकट नको म्हणून. आणि मी? मी तरी कुणाला विचारायला गेलो होतो? सून येऊन सांगून गेली आणि मी मान डोलावली. आप्पांनी शिकवलेला भात आप्पांनाच दिला नाही. हा राग आता आयुष्यभर माझ्यापाशी राहणार, आणि राहू दे.

बाराव्याला भात मीच केला. नैवेद्य दाखवला, पानं वाढली. मुलानं पहिला घास नुसत्या भाताचा घेतला आणि थांबला.

"आप्पा असा भात करत हुते?"

"ह्याच्याहून चांगला."

"आमास्नी कधी करून घातला न्हाय त्यांनी."

ओठांवर आलं होतं माझ्या. गॅसपाशी कुणी जाऊ दिलं नाही, हे ओरडून सांगावंसं वाटलं, अगदी आप्पांच्या आवाजात. पण जेवत्या ताटावर माणसाला काय बोलणार? मी पातेल्यातला भात पळीनं मोकळा करत राहिलो. त्यानं पान पुसून स्वच्छ केलं आणि माझ्याकडं न बघता ते पुढं सरकवलं.

"भाऊ, अजून एक वाटी वाढा की."