घाडी, खोली नंबर चौदा

दशरथ घाडी गेली सव्वीस वर्षं भांडुपच्या एका कारखान्यात क्रेन चालवतोय. शेडच्या छताखालून सरकणारी मोठी क्रेन, तिची केबिन जमिनीपासून चाळीस फुटांवर. पाच टनांचा लोखंडी ठोकळा तो इतक्या अलगद उतरवतो की खालच्यांना आवाजही येत नाही.

मागच्या वर्षी कंपनीने उंचीवर काम करणाऱ्या सगळ्यांची नव्याने तपासणी काढली. फॉर्मवर प्रश्न होता : पूर्वी कधी फिट आली आहे का? दशरथचं पेन तिथेच थांबलं.

"नाही लिही ना यार, कोण बघतंय?" शेजारी बसलेला नितेश म्हणाला.

पण वजन उचललेलं असताना खाली नितेशच उभा असतो. दशरथने लिहिलं, 'हो, लहानपणी.'

कंपनीचे डॉक्टर मिहिर वयाने तरुण, पण बोलणं सरळ. "घाडीकाका, तुमच्या फॅमिली डॉक्टरांचा रिपोर्ट लागेल. शेवटची फिट कधी आली, औषध कधी बंद झालं, पुढे काही त्रास झाला का. तुमची संमती असेल तरच मागणार. पण तो येईपर्यंत क्रेनवर चढायचं नाही."

फॅमिली डॉक्टर म्हणजे डॉ. क्षमा दाबके. मुलुंड पूर्वेचा त्यांचा दवाखाना बंद होऊन आठ वर्षं झाली होती, तिथे आता केकचं दुकान आहे. बाई जवळच्याच सोसायटीत राहतात एवढं दशरथला ठाऊक होतं. रविवारी सकाळी तो निघाला, आणि केकच्या दुकानापाशी पाय आपोआप थांबले. इथेच हिरवा पडदा होता, स्पिरिटचा वास होता. भाऊराव कंपाउंडर गुलाबी औषधाच्या बाटलीवर डोसांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवायचे. नऊ वर्षांचा दशरथ शाळेच्या प्रार्थनेत धाडकन पडला, तेव्हा आईने त्याला उचलून इथेच आणलं होतं.

"बाईनू, ह्येका कायतरी लागला म्हणतत गावात," आई रडत म्हणाली होती.

"काही लागलेलं नाही. हा आजार आहे, आणि गोळीने थांबतो. पण एक दिवसही चुकवायची नाही," असं बाईंनी बजावलं होतं. पुढे दर महिन्याला तपासताना त्या त्याला एकोणतीसचा पाढा म्हणायला लावत. गोळ्यांनी पोराचं डोकं सुस्त तर होत नाही ना, हे त्या बघत होत्या. हे दशरथला फार उशिरा कळलं.

बाई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. दार उघडून त्यांनी क्षणभर निरखून पाहिलं. "दशरथ ना तू? ये. सुलक्षणा कशी आहे?" त्याच्या बायकोचं नावही त्यांच्या लक्षात होतं.

त्याने सगळं सांगितलं. बाईंनी कपाट उघडलं. आत घराघरांची खाकी पाकिटं दाटीने उभी होती. "लेक रोज ओरडते, रद्दीत घाल म्हणून," असं म्हणत त्यांनी एक पाकीट ओढून काढलं. वर लिहिलं होतं : घाडी, खोली नंबर चौदा.

शेवटची फिट एकोणीसशे त्र्याऐंशी. गोळ्या बंद शहाऐंशी. दशरथने सुटकेचा निःश्वास टाकला. बाईंनी मात्र आणखी एक कागद पुढे घेतला. दोन हजार अकरा, दवाखान्यात चक्कर येऊन पडला.

"बाई, हे नाही लिहिलं तर नाही चालणार? ती फिट नव्हती ओ. क्रेन गेली तर मी खाली काय करू?"

"लिहावं लागेल रे. अर्धं खरं लिहून मी सही करणार नाही. पण पुढची ओळ वाच."

त्याने वाचली. 'आई गेल्याचा नववा दिवस. दोन दिवस जेवण नाही. फिटचं लक्षण नाही. भाऊरावने चहा-बिस्किटं दिली, अर्ध्या तासात ठीक.'

दशरथला पुढचं काही दिसेना. बाईंनी कोरा कागद पुढे ओढला. त्यांनी रिपोर्ट लिहिला, त्याला मोठ्याने वाचून दाखवला आणि विचारलं, "यातलं काही चूक आहे?"

"नाही."

"मग पाठवायला हरकत नाही, अशी इथे सही कर."

त्याने केली.

रिपोर्ट वाचून डॉक्टर मिहिरनी बाईंना स्वतः फोन केला. मग मेंदूचा आलेख काढला, मोठ्या डॉक्टरांना दाखवला. पाच आठवडे दशरथ स्टोअरमध्ये नट-बोल्ट लावत बसला. घरी कुणाशी धड बोलला नाही. अखेर कागद आला : क्रेन चालवण्यास योग्य, दर वर्षी तपासणी.

सांगायला गेला तेव्हा बाईंनी अख्खं पाकीटच त्याच्या हातात दिलं. "माझ्यानंतर कोण सांभाळणार? तुमचं आहे, तुमच्याकडे राहू दे."

त्या दुपारी सुलक्षणा आणि लेक अक्षता त्याच्या दोन्ही बाजूंना बसल्या. वडिलांचा गिरणीतला खोकला, अक्षताच्या लशी, सगळं निघालं. आईच्या एका कागदावर बाईंनी लिहिलं होतं : 'पाय सुजलेत. विश्रांती सांगितली. ऐकणार नाही.'

अक्षता खळखळून हसली. "बाबा, आजी अशी होती?"

"अशीच गं," दशरथ म्हणाला, आणि आईबद्दल सांगायला लागला. सुलक्षणाने ताटं वाढून दोनदा हाक मारली, तरी तो उठला नाही.