हरलं तरी तेवढेच पैसे

आमचं दोघींचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. ती राजूरची, वडील कोळशाच्या खाणीत. यवतमाळात खोली करून राहायची आणि सकाळी एका जिममध्ये बायकांना व्यायाम शिकवायची. मी इथलीच. वडील कोषागारात होते, आजोबा तहसिलीत, काका वकील. आमचे सर कॉलेजात खेळाचे शिक्षक होते. त्यांनी कॉलेजच्या मागच्या टिनाच्या शेडमध्ये बॉक्सिंग शिकवायला सुरुवात केली, तेव्हा मुली आम्ही दोघीच होतो. वजनही जवळपास सारखंच. म्हणजे समोर उभं राहायला मला ती आणि तिला मी. दुसरं कोणी नाही.

पहिल्याच सरावात तिनं माझं नाक फोडलं. सर म्हणाले थांबा, तर ती म्हणाली, "नाक पुसून ये. मी हाये इथंच."

मी नाक पुसलं नाही. तशीच गेले आणि तिच्या बरगडीत असा ठोसा दिला की ती गुडघ्यावर बसली. सर दोघींवरही ओरडले. त्या दिवसापासून पुढची कितीतरी वर्षं आम्ही एकमेकींना जे काही बोललो ते बहुतेक भांडणातच.

हौशी बॉक्सिंगमध्ये आम्ही दोघी राज्य पातळीपर्यंत गेलो आणि तिथं अडकलो. पदक मिळालं असतं तर पोलिसात नाहीतर रेल्वेत खेळाडूंच्या जागेवर नोकरी लागली असती. ती आम्हा दोघींपैकी कोणालाच लागली नाही. मग नागपूरला पैसे देऊन सामने भरवणारे लोक आले आणि तिनं लगेच जायला सुरुवात केली. दोन दिवस आधी फोन आला तरी जायची. नागपूर, हैदराबाद, रायपूर. तयारी नाही, समोरची कोण हे माहीत नाही. मार खाऊन यायची, सुजलेल्या डोळ्यानं सकाळी जिममध्ये उभी राहायची. मला ते बघवत नव्हतं. दयेमुळे नव्हे, रागानं. शेडमध्ये मी सगळ्यांसमोर तिला भाडोत्री म्हणाले.

तिनं हाताची पट्टी गुंडाळत गुंडाळतच उत्तर दिलं, "तुह्या बापाची पेन्शन हाये. म्हणून तुले इज्जत सुचते."

हे मला फार लागलं, कारण इज्जत पैशातून नाही, घराण्यातून येते, असंच मी घरी रोज ऐकत होते. वर्षभरानं मीही पैशाचे सामने घ्यायला लागले तेव्हा बाबा जेवता जेवता म्हणाले, "पदकासाठी खेळत होतीस तोवर ठीक होतं. आपल्या घरात पैशासाठी कोणी अंगावर मार घेतलेला नाही. तुला काय कमी आहे इथं?"

"पैशासाठी नाही बाबा," मी म्हणाले. "मला सिद्ध करायचंय."

मग ते नातेवाइकांना सांगायला लागले की पोरीला हौस आहे. काकूंनी एकदा लग्नात चार बायकांसमोर विचारलं, "काय गं, पैशासाठी करतेस की नावासाठी?" प्रश्न विचारताना त्यांचा चेहरा असा होता की दोन्हीपैकी कोणतंही उत्तर दिलं असतं तरी त्यांना ते घाणच वाटलं असतं. मी नावासाठी म्हणाले. खरं म्हणजे पहिल्या सामन्याचे पैसे खात्यात जमा झाल्याचा मेसेज आला तेव्हा मी बाथरूमचं दार लावून तो पुन्हा पुन्हा वाचला होता. बाबांपुढे हात न पसरता आलेला तो पहिला पैसा होता. पण हे आमच्या घरात बोलायची सोय नव्हती.

अशात नागपूरच्या एका आयोजकानं यवतमाळात सामने भरवायचे ठरवले. त्यानं सरांकडून आमचं सगळं ऐकलं आणि त्याचे डोळेच चमकले. मुख्य सामना आमचा. सहा राउंड. जिंकली काय, हरली काय, दोघींना सारखेच पैसे. जी जिंकेल तिला पुढं पुण्याच्या मोठ्या कार्यक्रमात घेणार. दारव्हा रोडवरचं एक मंगल कार्यालय ठरलं. मी नागपूरहून एक अनुभवी माणूस माझ्या कोपऱ्यात उभं राहून सल्ला द्यायला बोलावला, कारण मला वाटलं सर कोणाच्याच बाजूनं उभे राहणार नाहीत. ते तिच्या कोपऱ्यात उभे राहिले.

मी त्यांना शेडच्या दारात गाठलं. "सर, तुम्ही तिच्याकडून?"

"तू माणूस आणला ना बेटा. तिच्याजवळ कोणी नाही."

"मी आणला नसता तर?"

ते कुलूप लावत राहिले. मी पुढं काही विचारलं नाही आणि त्यानंतर त्यांच्या पायाही पडले नाही.

आदल्या संध्याकाळी वजन झालं. आयोजकानं आम्हाला नाकाला नाक लावून उभं केलं आणि फोटोवाल्याला जवळ बोलावलं. "थोडी दुश्मनी दाखवा बाई," तो म्हणाला, "तिकिटं अजून उरलीत." दाखवायची गरज नव्हती. तिचा श्वास माझ्या ओठांवर येत होता. कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू ती बोलली, "तुहे बाबा येऊन राह्यले का उद्या? का त्यायले लाज वाटते?"

बाबा येणार नव्हते. तिला ते कुठून कळलं देव जाणे. मी दोन्ही हातांनी तिला ढकललं. ती दोन पावलं मागं गेली आणि हसली. आयोजकानं टाळ्या वाजवल्या. फोटो चांगला आला म्हणे.

दुसऱ्या दिवशी कपडे बदलायला मला वरपक्षाची खोली मिळाली आणि तिला वधूपक्षाची. दारांवरच्या पाट्या कोणी काढल्या नव्हत्या. स्टेजवर नवरा-नवरीच्या खुर्च्या बाजूला सरकवून तिथं पंच बसवले होते, आणि रिंग हॉलच्या मधोमध, जिथं एरवी पंगती बसतात. राजूरची पोरं एका टेम्पोत भरून आली होती. माझ्या बाजूनं कॉलेजच्या मैत्रिणी होत्या आणि आई. बाबांना सांगून आली की न सांगता, हे मी विचारलं नाही.

पहिला राउंड ती डोक्यानंच लढली. जवळ आली की कपाळ माझ्या भुवईवर आपटायची, आणि वर रेफ्रीकडे निरागसपणे बघायची. मिठीत अडकलो की कानात शिव्या. मीही दिल्या. आईला ऐकू गेल्या नसाव्यात.

दुसऱ्या राउंडमध्ये तिचा उजवा हात माझ्या कपाळावर बसला. चांगला बसला. मला अंधारी आली, पण त्या अंधारीतून मला तिचा चेहरा दिसला. मार मला लागला होता आणि कळ तिच्या चेहऱ्यावर होती. क्षणभरच. मग तिनं तोंड घट्ट मिटलं. मी कोपऱ्यात येऊन स्टुलावर बसले तर माझ्या माणसानंही ते टिपलं होतं.

"तिचा उजवा हात गेला आहे," तो म्हणाला. "आधीच दुखावलेला असेल. आता उजवा आला की मागे होऊ नको. कोपरावर घे."

कोपरावर घेणं नियमात बसतं. समोरचीचा ठोसा आपल्या कोपराच्या हाडावर येऊ द्यायचा, एवढंच. तिसऱ्या राउंडमध्ये मी तेच केलं. पहिल्यांदा तिनं श्वास रोखला. दुसऱ्यांदा तिच्या तोंडून आवाज आला, दातांना लावलेल्या रबराच्या आडून, कुत्र्याच्या पिल्लासारखा. मी पुन्हा कोपर पुढं केलं. मला आजही त्याबद्दल काही वाटत नाही. माझा हात मोडला असता तर तिनं त्याच्यावर उडी मारली असती.

तिसरा राउंड संपला आणि मी समोरच्या कोपऱ्याकडे पाहिलं. सर तिच्या ग्लोव्हवर हात ठेवून काहीतरी बोलत होते. ती मान हलवत होती. सरांनी खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला. तो रिंगमध्ये पडला की सामना संपतो. तिनं तो त्यांच्या हातातून डाव्या हातानं ओढला, स्टुलावर ठेवला आणि त्याच्यावर बसली.

रेफ्रीनं विचारलं, डॉक्टर येऊन पाहून गेले. "काई नाई झालं," ती म्हणाली, आणि ते खरं वाटावं म्हणून चौथ्या राउंडच्या सुरुवातीलाच तिनं उजवा हात चालवला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि ती तरीही मारायची. टेम्पोतली पोरं उठून उभी राहिली.

मी मात्र वेगळाच विचार करत होते. सहा राउंड नीट संपव. उगाच अंगावर जाऊ नको. भुवई फाटली तर पुण्याची तारीख जाईल. पुण्याला तिप्पट पैसे मिळणार होते. ते मिळाले की मी वेगळी खोली घेणार होते, बाबांच्या घराबाहेर, आणि ती खोली कुठं घ्यायची याचा हिशोब मी रिंगमध्ये, तिच्या ठोशांपासून मागं सरकत सरकत करत होते. घरी मानाच्या गोष्टी करणारी मी.

पाचव्या राउंडमध्ये त्या हिशोबातच मी सापडले. तिचा उजवा आला. एवढं झाल्यावर मोडलेला हात आता कोण चालवणार, असं समजून मी कोपर पुढं केलंच नव्हतं. हनुवटीवर बसला. मी खाली होते. वर मंगल कार्यालयाची झुंबरं दिसत होती आणि आईचा आवाज येत होता, "उठू नको गं, उठू नको." मी उठले. रेफ्रीचे आकडे संपायच्या आत उठले, आणि त्यानंतर शेवटच्या घंटेपर्यंत मी फक्त पळाले.

पंचांनी मला जिंकवलं. थोडक्या गुणांनी. राजूरच्या पोरांनी पाण्याच्या बाटल्या फेकल्या. रेफ्रीनं माझा हात वर केला तेव्हा ती माझ्याकडे पाहतच नव्हती. ती माझ्या आईकडे पाहत होती. का, ते मला कळलं नाही.

कपडे बदलून मी वधूपक्षाच्या खोलीत गेले. कोणी सांगितलं नव्हतं. सर कात्रीनं तिचा ग्लोव्ह कापत होते, कारण तो निघत नव्हता. आतला हात सुजून वांग्यासारखा जांभळा झाला होता. करंगळीमागचं हाड वर आलेलं दिसत होतं.

"काहून आली?" ती म्हणाली. "पाहाले?"

"दुसऱ्या राउंडलेच हार मानून बसली असती तरी तुले तेवढेच पैसे भेटले असते," मी म्हणाले. "मंग काहून नाही बसली?"

सर म्हणाले, "राहू दे आता, जाय तू." पण तिला बोलायचं होतं.

"बसली असती. मोठ्या खुशीनं बसली असती. मले काय हाताचा शौक हाये का मोडून घ्यायचा?" कात्री हाडाजवळ लागली तशी ती थांबली, मग पुढं म्हणाली, "हैदराबादची असती, रायपूरची असती, कोणीबी असती त मी बसली असती, पैसे घेतले असते अन् घरी गेली असती. तुह्यासमोर नाही बसणार."

"मी काय केलं तुह्यं?"

"काई नाई. तू कोपर लावलं. मीबी लावलं असतं." ती हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "मले भाडोत्री म्हणे ही. अन् पाचव्यापासून तूच पळून राह्यली होती. पुण्याचं भेटलं ना? जाय मंग."

तिचं एकही वाक्य खोडून काढता येणार नव्हतं. सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी बाहेर आले. आई वरपक्षाच्या खोलीसमोर माझी बॅग घेऊन उभी होती.

रात्री जेवायला बसलो तेव्हा बाबांनी विचारलं, "झालं का समाधान? जिंकलीस म्हणे."

"पुण्याला तिप्पट देणार आहेत," मी म्हणाले. "मी पैशासाठीच लढते बाबा. पहिल्यापासून."

आईनं वाढता वाढता हात थांबवला. बाबांनी ताट बाजूला सारलं नाही, आवाज चढवला नाही. जेवण पूर्ण केलं, हात धुतले, आणि जाता जाता म्हणाले, "मग वेगळी राहा." मी म्हणाले, "तेच ठरलंय." पुण्याचे पैसे आले तशी पुढच्या महिन्यात मी लोहारा भागात खोली घेतली. आता ते माझ्याशी बोलतात, पण बॉक्सिंगचा विषय निघाला की पेपर उघडतात.

तिच्या हातात ऑपरेशन करून धातूची पट्टी बसवावी लागली. सगळ्यांना वाटलं संपलं. तिनं डाव्या हातावर काम केलं आणि वर्षभरानं नागपूरला लढली. हरली. मग आणखी एक लढली आणि ती जिंकली. ते सामने मी मोबाइलवर पाहिले, एकटीनं, आणि दोन्ही वेळा समोरचीच्या बाजूनं ओरडले. एकदा कळंबला एका सत्काराच्या कार्यक्रमात आम्हा दोघींनाही बोलावलं होतं. आयोजकांनी शेजारी खुर्च्या लावल्या. ती आली, खुर्ची पाहिली, उचलली आणि दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. मी तिच्या जागी असते तर तेच केलं असतं, आधी ती पोचली एवढंच.

गेल्या महिन्यात त्या नागपूरच्या आयोजकाचा फोन आला. पुन्हा तोच सामना, या वेळी आठ राउंड, जागा मोठी. पैसे ऐकून मी लगेच हो म्हणाले.

"ती तयार आहे," तो म्हणाला. "फक्त एक अट आहे तिची. तुम्हाला जेवढे मिळतील त्यापेक्षा तिला एक रुपया जास्त पाहिजे."

"एक रुपया?"

"एकच. मी देतो ना माझ्या खिशातून, तुम्हाला काय फरक पडतो?"

"मग मी लढत नाही," मी म्हणाले.

तो बराच वेळ मला समजावत होता. एवढ्या पैशांसाठी लोक काय काय करतात, आणि तुम्ही एका रुपयावर अडून बसता, वेड लागलंय का दोघींना, असं काहीबाही. मला खोलीचं भाडं द्यायचं होतं आणि ते पैसे हवे होते. तरीही मी फोन ठेवला. त्यानं तिला पुन्हा विचारलं असेल. तीही हटली नसणार, हे मला न विचारताच माहीत आहे. सामना अजून ठरलेला नाही.