कावळा शिवला तेव्हा

माझा मुलगा वळ गावच्या एका गोदामात सुपरवायझर होता. चार दिवस सुट्टी काढून मित्रांबरोबर थंड हवेच्या गावी गेला आणि अतिरेक्यांच्या गोळीने तिथेच संपला.

दहाव्याला खारबावच्या खाडीकाठी अख्खा गाव लोटला होता. पिंड मांडून आम्ही मागे सरलो. कावळे समोरच्या झाडावर बसलेले, पण एकही खाली उतरेना. गेलेल्याची इच्छा राहिली की असं होतं, म्हणून जो तो कबूल करू लागला. मामा म्हणाला, वर्षश्राद्ध नीट करू. मित्र म्हणाले, तुझी बाइक विकू देणार नाही. कावळे ढिम्म. मग एक तरणा गडी ओरडला, "तुझा बदला घेऊ!" आणि कावळा शिवला. लोकांनी घोषणांनी खाडी दणाणून सोडली.

त्याच क्षणी मीही पुटपुटलो होतो, "वेळेवर जेवीन रे." ते कुणी ऐकलं नाही.

बायको गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. नारपोलीत कापडाच्या लूमवर शिफ्ट असली की मी हमखास जेवण चुकवायचो. पोरगा रोज एक वाजता फोन करून झापायचा, "बाबा, जेवलास काय? खोटा नको बोलू." दहाव्यानंतर मी रोज एकच्या ठोक्याला पान मांडून बसायचो. घास उतरत नसे, तरी खायचो.

पुढे सीमेवर लढाई सुरू झाली. खोटं कशाला सांगू, पहिली बातमी ऐकून मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर पलीकडचा एक म्हातारा दिसला. पडलेल्या घरासमोर बसला होता. कुणीतरी त्याच्यापुढे रोटी धरत होतं, तो घेत नव्हता. मी टीव्ही बंद केला.

तेवढ्यात गावातली चार माणसं पेढे घेऊन आली. मी नुकताच भात उतरवला होता.

"काका, चौकात सभा हाय. पोराला शांती भेटली, येवढंच बोला."

मारेकऱ्यांना सोडावं असं मी म्हणत नाही. सरकारने काय करावं हे सांगण्याइतकी माझी अक्कलही नाही. पण माझ्या पोराच्या नावाने चाललंय, तर त्याला काय हवं होतं हे कुणी एकदा तरी मला विचारायचं होतं. मी म्हणालो, "कावळा शिवला तवा मी पण बोललो होतो. वेळेवर जेवीन म्हणून. तो कशाला शिवला, तुम्हाला काय माहीत?"

एकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काका, तुम्ही आराम करा. आमी सांगतो."

ती माणसं गेली. मी उंबऱ्यात बसून चौकातला भोंगा ऐकत राहिलो. भाषणांवर भाषणं झाली. शेवटी कुणीतरी सांगितलं, वडिलांची तब्येत बरी नाही, पण त्यांचा निरोप आहे, आज माझ्या मुलाला शांती मिळाली. टाळ्या झाल्या, फटाके वाजले.

मी आत आलो. भात गार पडला होता. घड्याळात तीन वाजून गेले होते आणि मी जेवलो नव्हतो.