ताईचे वाचक

माझी ताई रफू करायची. कोटाला सिगारेटनं पडलेलं भोक तिच्या हाताखालून गेलं की ते कुठं होतं हे कोटाच्या मालकालाही सापडत नसे. एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत, इस्त्रीच्या वाफेत, खिडकीपाशी तिचं टेबल होतं. लोक पुढच्या काउंटरवर शाबासकी देऊन जात आणि ती शाबासकी लाँड्रीवाला स्वतःच ठेवून घेई. ताईला त्याचं काही नव्हतं. मला होतं. मी एकदोनदा जाऊन भांडूनही आलो.

मग तिचे हात थरथरू लागले. आधी नुसता कप बशीवर वाजायचा, पुढे सुईत दोरा जाईना. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि स्पष्टच सांगितलं, थरथर वाढत जाणार, थांबणार नाही. लाँड्रीवाल्यानं तिच्या जागी शिलाई मशीन आणून ठेवलं आणि म्हणाला, "ताई, खूप केलंत. आता बसून खा." माणूस वाईट हेतूनं बोलला नसेल, पण ते वाक्य तिच्या इतकं जिव्हारी लागलं की तिचं जेवणच तुटलं. "बसून खायला मी काय मेलेय?" असं ती मला म्हणाली. मी हसलो, कारण मेलेली माणसं खात नाहीत. ती हसली नाही.

इंटरनेटवरची ती लेखांची साइट तिला मीच दाखवली. तिथं कुणीही लिहावं, वाचणाऱ्याला आवडलं तर त्यानं मत द्यावं, आणि जितकी मतं तितकी त्या साइटची नाणी, म्हणजे तिथले पैसे, लिहिणाऱ्याच्या खात्यात. मत द्यायची मुदत आठवडाभर, मग त्या लेखाला मत देता येत नाही. ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "म्हणजे हे काम आहे ना? छंद नाही ना?"

"काम आहे," मी म्हटलं. तिला तेवढंच हवं होतं.

सकाळी गोळी घेतली की थोडा वेळ तिचे हात बऱ्यापैकी तिचं ऐकत. तेवढ्यात ती एखादं भोक बुजवी आणि मी खालच्या मजल्यावरून वर जाऊन फोटो काढत असे. मग दिवसभर ती एका बोटानं फोनवर लिहीत बसे. स्वेटरला कसर लागली हे कसं ओळखायचं. काळ्या कापडावर काम करताना मांडीवर पांढरं फडकं का घ्यायचं. घाईत ओढलेला धागा कापडाला कसा चिमटा काढतो. हात पूर्ण जायच्या आत तिला सगळं लिहून काढायचं होतं, आणि ते काम म्हणून, मोबदला घेऊन लिहायचं होतं.

मतं पडली शून्य. दुसऱ्या लेखालाही शून्य, तिसऱ्यालाही. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, पण त्यासाठी आधी एक तरी थेंब पडावा लागतो. जुनेजाणते लिहिणारे सांगत, नव्यानं धीर धरावा, दुसऱ्यांचं वाचावं, त्यांच्याशी बोलावं. ताईनं तेही केलं. कुणाच्या सायकलीवरच्या लेखाखाली, कुणाच्या मांजरावरच्या लेखाखाली तिनं मन लावून लांबलचक अभिप्राय लिहिले. कुणी साधं 'बरं' म्हणालं नाही. आठवडा झाला की लेखाखाली 'मुदत संपली' असं यायचं. ती ते वाचायची, फोन पालथा ठेवायची आणि पुढच्या लेखाला लागायची. सुरुवातीला मला तिची कीव यायची, नंतर मीही विचारेनासा झालो. रोज मरे त्याला कोण रडे.

एके सकाळी दोरा ओवता ओवताच तिचे चांगले क्षण संपून गेले. सुई खाली ठेवून ती म्हणाली, "आज फोटो नको." मग न्हाणीघरात गेली आणि नळ सोडला. नळाच्या आवाजात रडणं लपतं असं तिला वाटायचं. बाहेर मी आणि भावोजी एकमेकांकडे न बघता उभे होतो.

भावोजी म्हणजे ताईचे यजमान. लिफ्ट दुरुस्त करायचं काम करतात. बटण दोनदा दाबून लिफ्ट लवकर येत नाही हे त्यांच्याइतकं चांगलं कुणाला माहीत असणार? तरी ते दोनदा दाबतात. माणूस सोन्यासारखा, पण धीर या वस्तूशी त्यांची कधी ओळखच झालेली नाही.

त्यानंतर काही दिवसांतच ताईला मतं पडू लागली. 'नववा मजला' नावाच्या कुणीतरी मत दिलं. मग 'लाल बटण', मग 'तळघर', मग आणखी कुणीकुणी. लेखाखाली लिहायचे, "छान." फारच झालं तर "खूप छान." ताईला त्याचं कौतुक. "कमी बोलणारी माणसं दिसतात, पण नेमानं येतात," असं ती म्हणायची. प्रत्येकाला ती उत्तर लिहायची, तुमच्याकडे कुणाचा कोट फाटला असेल तर जरूर विचारा म्हणून. एक दिवस 'तळघर' आला नाही तर हिच्या जिवाला घोर. "आजारी असेल का रे?"

"ताई, तो कोण, कुठला, तुला माहीत तरी आहे का?"

"नसू दे. वाचतो ना माझं."

लेख साइटच्या पहिल्या पानावर आले, खात्यात नाणी दिसू लागली. ताई जेवायला लागली. लाँड्रीवाल्याच्या दुकानासमोरून मुद्दाम गेली आणि त्यानं विचारायच्या आत त्याला सांगून आली की सध्या मला काम फार आहे. हात मात्र आणखी बिघडत होते. शर्टाचं बटण आता भावोजी लावून देत. तरी ती म्हणायची, "हात गेले तरी काम राहिलं, मला दुसरं काय हवं?"

याच भरात तिनं तो लेख लिहिला. रफूवर नव्हता. नव्यानं लिहू लागलेल्यांसाठी होता. मला शून्य मतं पडत होती, तिनं लिहिलं, मी लिहीत राहिले. तुमचा वाचक कुठंतरी आहे, तो वाटेतच आहे, तुम्ही दार लावून घेऊ नका. लेख साधा होता, पण खरा वाटत होता, कारण तिला तो खराच वाटत होता. आणि तो धो धो वाचला गेला. अनोळखी माणसं त्याखाली आपापली रडगाणी सांगू लागली आणि ताई एकेकाचं नाव घेऊन धीर देत बसली.

एका संध्याकाळी मी वर गेलो तर ताई फोन दोन्ही हातांत धरून बसली होती आणि फोन तिच्या हातांसकट हलत होता. तिच्या नावाखाली लाल अक्षरांत आलं होतं की या खात्याची मतं बनावट आहेत, खातं बंद केलं आहे, लेख लपवले आहेत. खाली कारणही दिलं होतं. मतं देणारी बहुतेक खाती एकाच जागच्या इंटरनेटवरून, रोज दुपारच्या त्याच वेळेला, एकापाठोपाठ एक मत देत होती.

मी साइटवाल्यांच्या नावानं शंख करायला सुरुवात केली. कोण कुठले टिकोजीराव, माझ्या बहिणीला चोर ठरवतात! भावोजी कोपऱ्यात मूग गिळून बसले होते. मी त्यांना म्हटलं, "तुम्ही तरी काहीतरी बोला."

ते बोलले. "तळघर म्हणजे आमच्या वर्कशॉपातला ग्रीसवाला. त्या दिवशी त्यानं रजा घेतली होती."

डब्याच्या सुट्टीत भावोजी सगळ्यांचे फोन गोळा करत आणि ओळीनं मत देत. "छान" तेच लिहीत. हे ऐकून मी बोलू नये ते बोललो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, हेही म्हणालो, तेही त्यांच्या बायकोसमोर.

"मग काय करू?" भावोजी एकदम ओरडले. "ती नळ सोडून रडायची. मला लिफ्ट दुरुस्त करता येते. तिचे हात नाही येत."

ताई तेव्हा तो धीराचा लेख शोधत होती. तो लपवलेला होता, पण त्याखालचे अभिप्राय तिला दिसत होते. बहुतेकांनी शिव्या घातल्या होत्या. एका बाईनं शिवी दिली नव्हती. तिनं लिहिलं होतं, "तुमचा लेख मी कागदावर उतरवून भिंतीला लावला होता. मला वाटलं, यांना जमलं तर मलाही जमेल. आज काढून टाकला." ताईनं ते आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवलं. उत्तर लिहायला खातंच उरलं नव्हतं.

"नवीन खातं उघडू," मी म्हटलं. "पहिल्यापासून सुरू करू."

"कोणत्या हातांनी?" ताईनं विचारलं.

मग ती भावोजींकडे वळली. रागावलेली नव्हती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"अहो, एवढी मतं दिलीत. त्यातला एक तरी लेख वाचलात का?"

भावोजींनी मान खाली घातली. त्यांना वेळच कुठं होता? सुट्टी एवढीशी आणि फोन इतके सारे. ताई उठली, आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

दुसऱ्या दिवशी भावोजी कामावर गेले नाहीत. मी वर गेलो तेव्हा ते ताईच्या पलंगाजवळ खुर्ची ओढून बसले होते. तिच्या फोनमध्ये लेखांच्या मूळ प्रती होत्या. पहिल्या लेखापासून ते वाचत होते, मोठ्यानं, अडखळत, एकेका शब्दावर बोट ठेवून. ताई भिंतीकडेच तोंड करून होती.

"'धागा त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून काढावा,'" त्यांनी वाचलं आणि ते थांबले. "का गं? बाजारात धागा मिळतो की."

ताईनं पांघरूण कानावरून खाली ओढलं. मग म्हणाली, "पुढं लिहिलंय. वाचा."

त्यांनी वाचलं. बाजारातल्या नव्या धाग्याचा रंग वापरलेल्या कपड्याशी जुळत नाही, असं लिहिलेलं होतं. पुढे उभ्या धाग्यांमधून आडवा धागा कसा घालायचा ते होतं. तिथं ते पुन्हा अडले. मागे जाऊन वाचलं, तरी अडले. "एक वर, एक खाली म्हणजे नेमकं कसं?"

ताईनं कूस बदलली. उठून बसली. डावा हात पसरून तिनं त्याची बोटं उभे धागे म्हणून धरली आणि उजव्या हाताचं बोट त्यांतून आडवं घालू लागली. दोन्ही हात इतके थरथरत होते की वर कुठलं आणि खाली कुठलं, मला काहीच कळेना. भावोजींनाही कळलं नव्हतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"पुन्हा दाखव," ते म्हणाले.