सुषमाच्या टँकमधला अर्धा स्पंज

ताई, तुला आठवत असेल, मी आणि सुषमा गाव सोडून निघालो त्या दिवशी एसटीत खिडकीची जागा तिला मिळाली. आत्याची मुलगी, माझ्याच वयाची, लग्नं एकाच महिन्यात, दोघींचे नवरे नवी मुंबईत नोकरीला. तू फाट्यावर हात हलवत होतीस तो तिला दिसला. मी भांड्यांचं पोतं मांडीवर घेऊन मधे बसले होते. पुढेही तसंच झालं. तिला खारघरला बाराव्या मजल्यावर फ्लॅट, आम्ही लांब पनवेलजवळ करंजाडेला. तिच्या सोसायटीत सगळे तिला नावानिशी ओळखतात, माझ्या शेजारणीला माझं आडनाव अजून माहीत नाही.

स्पंजची गोष्ट तिने तुला फोनवर सांगितलीच असेल, मीठमसाला लावून. आता माझ्याकडून ऐक.

तिच्या हॉलमध्ये फिश टँक आला आणि आमची पिंकी तिथून हलेना. मग आम्हीही घेतला, तिच्यापेक्षा अर्धा फूट लांब. मुद्दाम घेतला, तुझ्याशी खोटं कशाला बोलू? त्यात चार गोल्डफिश सोडले. दुकानदाराने पाणी तपासायचे थेंब दिले. नळीत थोडं पाणी घेऊन त्यात ते टाकायचे; ते पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर अमोनिया, म्हणजे माशांच्याच घाणीचं विष. महिनाभरात टँकमध्ये बॅक्टेरिया वाढतात आणि ते विष संपवतात, असं तो म्हणाला. दीड महिना झाला तरी माझं पाणी हिरवंच. सुषमाचं म्हणे तीन आठवड्यांत पिवळं झालं होतं. तिचं सगळंच लवकर होतं.

तीन मासे गेले. चौथा वर येऊन तोंड उघडायला लागला तेव्हा पिंकी टँकसमोरून उठेना, जेवेना. मी दोन दिवस फोन हातात घेऊन ठेवून दिला. तिसऱ्या दिवशी केला.

सुषमा आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "फिल्टरचा स्पंज कधी धुतलास?"

"रोज धुते. नळाखाली, चांगला चोळून."

"रोज?" ती हसतच सुटली. "अगं बाई, बॅक्टेरिया त्या स्पंजमध्येच राहतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. रोज मारतेस तू त्यांना. आमी महिन्यातून एकदा पिळतो, ते पण टँकच्याच काढलेल्या पाण्यात."

आईचं वाक्य तुझ्याही कानात असेल. "लोकांनी बोट दाखवाया जागा ठिवायची न्हाई आपल्या घरात." पाटलाची बाई एकदा दारावरून नाक मुरडून गेली आणि तेव्हापासून आईने आपल्याकडून अंगण, हंडे, माठ रोज घासून घेतले. इथे कुणी बघायलाही येत नाही, तरी माझा हात थांबत नाही. त्या हातानेच मासे मारले.

"तुझ्या स्पंजचा तुकडा देशील?" हे माझ्या तोंडून शेवटी कसंबसं निघालं. तिने घरी जाऊन आपला स्पंज अर्धा कापला आणि टँकच्या पाण्यात बुडवून डब्यातून आणला. काळाकुट्ट. माझा हात आपोआप नळाकडे गेला.

"हात लावशील तर बघ," ती म्हणाली आणि तिनेच तो माझ्या फिल्टरमध्ये बसवला.

दहा दिवसांनी पाणी पिवळं आलं. मासा जगला, पिंकी जेवली. आता सुषमा सगळ्यांना सांगत सुटते की हिचा टँक माझ्या स्पंजवर चालतो. अंगाचा तिळपापड होतो माझ्या, पण स्पंज आहे तिचाच.

गेल्या रविवारी ती येते म्हणाली आणि आली नाही. मी काच पुसून, पाणी तपासून बसले होते. दुपार झाली तरी करमेना. मग तू पाठवलेले नव्या घराचे, विहिरीचे फोटो पुन्हा बघत बसले आणि कळलं, ते बघून मला नुसतं छान वाटतं. पूर्वी पोटात दुखलं असतं. गावातल्या कुणाचाच हेवा वाटत नाही आता, तुझाही नाही. माणूस जिथला असतो तिथल्याच लोकांवर जळतो; माझं गाव सुटलं ते असं. जळते मी फक्त खारघरच्या एका बाईवर, म्हणजे माझं घर इथेच झालंय. तिला मात्र यातलं काही सांगू नकोस.