गेलेली नव्हे, गावाबाहेर शिकणारी मुलं

अलाबामातल्या लोअरी गावात ओझेला टॉलिव्हर बाईंनी आधी आयांना गणित शिकवलं, मग त्यांच्या लेकरांना. "आपल्यासारख्यांना गणित येत नाही, बाई," असं एक पोरगी म्हणाली, तेव्हा बाई म्हणाल्या, "तुझी मावशी डोक्यावरच्या केसांचे सारखे भाग पाडून वेण्या घालते, ते काय भुतं मोजून देतात? चल, फळ्यावर ये!"

त्या वसंतात शाळा मंडळाच्या व्हिटलॉक साहेबांनी जाहीर केलं की गावातली निम्मी काळी मुलं शाळा अर्धवट सोडतात, तेव्हा वरच्या गणिताचा वर्ग बंद करावा. त्या वर्गावाचून इंजिनियरिंगची दारं बंद. चर्चमध्ये पाद्रीसुद्धा सुस्कारा टाकून बसले.

"मावशी, आकडा खोटा कसा असेल?" बाईंच्या भाच्यानं विचारलं.

"आकड्याला दोष नको देऊस. मोजणारा आळशी आहे!"

बाई घरोघर हिंडल्या. लोअरीची रीतच अशी, की आईला दुसरीकडे काम लागलं किंवा घरात कटकट झाली, की पोर डेट्रॉइटच्या मामाकडे नाहीतर मोबीलच्या आत्याकडे जायचं आणि तिथेच शिकायचं. दाखला न्यायचं कुणाच्या डोक्यात येत नसे. इथे मात्र नावापुढे 'शाळा सोडली' पडायचं. चूक आपल्या गावाचीही आहे, हे बाईंनी लोकांना तोंडावर सांगितलं.

मंडळाची सभा भरली तेव्हा दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. दरवर्षी एका रविवारी चर्चमध्ये बारावी पास झालेल्यांचा सत्कार होतो; तेव्हा गैरहजर मुलाचं नाव घेतलं की त्याच्या वतीनं त्याची माणसं उभी राहतात. बाईंनी सभेत तेच केलं.

"कॉर्डेल गॅड्सडेन!"

म्हाताऱ्या अर्लीन आजी काठी टेकत उठल्या. "माझा नातू. डेट्रॉइटला बारावी पास झाला. साहेब, कागदावर तुम्ही त्याला मारूनच टाकलं होतं की!"

हशा पिकला. बाई नावं घेत गेल्या आणि माणसं उठत गेली.

"रेजिनाल्ड पूल!"

त्याची आई जरा वेळानं उठली. "तो खरंच शाळेत जात नाही, बाई. गॅरेजात काम करतो."

"उभी राहिलीस, शाब्बास. साहेब, यालाही मोजा, लपवायचं काही नाही. पण याला परत आणायचंय मला, आणि वरच्या गणिताचा वर्ग असला तरच तो येईल."

व्हिटलॉक घसा खाकरून म्हणाले, "आकडे आमच्याकडे वरून आले होते."

"मग खाली येऊन बघायचं होतंत!"

मतं घेतली गेली. वर्ग चालू ठेवायचा, आणि गेलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी विचारून मगच आकडा लिहायचा, असं ठरलं.

बाईंनी चष्मा पुसला. "झालं, बसा आता."

कुणी बसेना. ओझेला बाईंचं न ऐकण्याची हिंमत लोअरीनं त्या दिवशी पहिल्यांदा केली.